अंगठ्यावरून फिरलेली वजरी

मित्रांनो, मोरीच्या कोपऱ्यात, साबणाच्या डबीमागे, मुठीएवढी आणि अंगभर रेघा असलेली एक काळी वस्तू तुम्ही कधी पाहिली असेल. आंघोळ करताना मोठी माणसे तिने टाचा घासतात. पाहिली नसेल तर घरातल्या आजीला विचारा. मी तीच आहे, एक जुनी वजरी. माझे नक्की वय मला सांगता येणार नाही. मी सारजाबाईंच्या हाती आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर एकही पांढरा केस नव्हता, असे त्या सांगतात. मला ते खरे मानावे लागते, कारण मला डोळे नाहीत.

हे आधीच सांगितलेले बरे. मला रंग कळत नाही. काळे, पांढरे, लाल हे शब्द मी जन्मभर ऐकत आले, पण ते कशाचे नाव आहे ते मला उमगलेले नाही. मला कळते ते खरखरीत आणि मऊ, ओले आणि कोरडे, ऊन आणि गार. मातीची असल्याने माझ्या अंगाला बारीक छिद्रे आहेत. त्यांतून पाणी मुरते, तसे माणसांचे बोलणेही मुरते. एवढ्यावर माझे चालत आले. फक्त एकदा चालले नाही. त्याच दिवसाची गोष्ट मी सांगणार आहे, आणि सांगून झाल्यावरही ती मला पुरती कळली आहे असे मी म्हणणार नाही.

माझा जन्म करकंबच्या बाजूला एका कुंभारणीच्या अंगणात झाला. तिने चिकणमाती चाळली, तिच्यात बारीक वाळू मळली. ती वाळू म्हणजे माझे दात. मी ओली असताना तिने जुन्या फणीने माझ्या अंगावर रेघा ओढल्या, एकदा या अंगाने तिरक्या, एकदा त्या अंगाने. मग आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, रचून, वरून भुसा टाकून, तिने सगळी भोके लिंपून घेतली. आत हवा येईना, धूर बाहेर जाईना. तो कोंडलेला धूर माझ्या अंगात मुरला, म्हणून मी काळी आहे म्हणतात. म्हणजे माझा काळेपणा वरून फासलेला नाही. तो मातीच्या आत आहे. मला कितीही घासा, तो निघायचा नाही. ही गोष्ट मला स्वतःबद्दल ठाऊक होती. ती मला वेळेवर आठवली असती, तर पुढचे काही घडले नसते.

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत सारजाबाईंनी मला उचलले. त्या पारखून घेणाऱ्या. भर गर्दीत चप्पल काढून त्यांनी मला टाचेवर फिरवून पाहिले. विकणारा म्हणाला, "मावशी, हितंच आंघोळ करताय का?" सारजाबाई म्हणाल्या, "बूट घेताना घालून बघतोस की न्हाय? मग!" त्यांनी मला पदराच्या टोकाला बांधले आणि कुंभारी गावात घरी आणले.

सारजाबाई तेव्हा विड्या वळत. दिवसभर एका बैठकीत, मांडीवर सूप घेऊन. त्यांच्या टाचा जमिनीला घासून घासून खडबडीत व्हायच्या. संध्याकाळी माझे काम. पुढे घरात सून आली, शालन. टेंभुर्णीकडच्या शेतातून आलेल्या त्या टाचांना इतक्या खोल भेगा होत्या, की पहिल्या दिवशी माझेच दात दुखले. महिनाभराने शालन तिच्या आईला फोनवर म्हणाली, "आत्याकडं एक वजरी हाय, टाचा लोण्यासारख्या केल्या बघ माज्या." मित्रांनो, मला मिळालेले एवढेच एक प्रशस्तिपत्र. अजून पाठ आहे.

मग शालनला मुलगी झाली, धम्मप्रिया. ती मोठी झाली, कॉलेजात बी.एस्सी.ला गेली आणि एक दिवस तिने प्लॅस्टिकच्या दांड्याचा ब्रश आणला. एका बाजूला केस, एका बाजूला खरखरीत कागद. मी साबणाच्या डबीमागे सरकले. माझ्या रेघाही तोवर झिजल्या होत्या. मधल्या भागात तर बोट फिरवले तर गुळगुळीत लागेल इतक्या. कधी दोन-दोन महिने मला कोणाचा पाय लागत नसे. मी तक्रार केली नाही. पण मोरीत पाण्याचा आवाज आला की मी अजून तयार होऊन बसत असे.

शालनचा नवरा जालिंदर ट्रकवर असतो, महिन्यातून चार दिवस घरी. शालन नऊ वर्षांपासून अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कंपनीत जाते. काम घडी घालण्याचे, आणि तेही उभ्याने. सात ते तीन उभे राहून तिचे गुडघे गेले. रात्री ती ओट्याला धरून उठते, ते मला आवाजावरून कळते. त्या कंपनीत एक पांढरे टेबल आहे. तिथे मोठ्या हॉटेलांचे पांढरे टॉवेल तपासतात, एकही डाग, एकही सुटा धागा नको म्हणून. आणि त्या टेबलाला खुर्च्या आहेत. नऊ वर्षे शालन त्या खुर्चीबद्दल बोलत होती. शेवटी एक खुर्ची रिकामी झाली. सुपरवायझर भीमाशंकर तिला म्हणाले, "सोमवारपासून पांढऱ्या टेबलावर या. पहिली पाळी, सातला हजर. पण तिथं रोज हात तपासतो मी, माहीत आहे ना? हात दुधासारखे पाहिजेत."

रविवारी घरात हीच चर्चा होती. पुढच्या आठवड्यात बाहेरच्या देशातले पाहुणे कंपनी बघायला येणार आणि पांढऱ्या टेबलापाशी थांबणार, असेही शालनने सांगितले. धम्मप्रिया म्हणाली, "मग आई, केसांना काहीतरी कर. पुढून सगळे पांढरे दिसतात."

शालनने काळ्या मेंदीचे पाकीट आणले. पण आमच्याकडे नळाला पाणी पाचव्या दिवशी येते आणि ते यायचे होते सोमवारी पहाटे. पाण्याशिवाय डोके धुणार कसे? म्हणून सगळे पहाटेवर ढकलले गेले.

साडेचारला नळ खळखळला.

"आत्या, आलं का पाणी?"

"आलंय की. करंगळीएवढं."

शालनने वाटीत पूड कालवली आणि मोरीत पाटावर बसून, हातांनीच, बोटे केसांत घालघालून ती थापायला लागली. धम्मप्रिया दारातून ओरडली, "आई, मोजे! पाकिटात मोजे दिलेत की."

"मेंदीला कुटं मोजे लागतेत गं? माज्या लग्नात कोपरापतुर लावली हुती. कुणी मोजे घातले न्हायती."

"ती मेंदी वेगळी. ही नावाची मेंदी. आत रंगाची पूड असते, आणि ती हवेत राहिली की आणखी काळी होते."

"पाकिटावर मेंदी लिवलंय का न्हाय?"

"लिवलंय."

"मग मेंदीच. जा, चहा टाक."

मित्रांनो, कोणाला दोष द्यावा? शालनच्या बोटांना मेंदीची सवय होती. मेंदीचा हात रंगला तर चार बायका कौतुक करतात. रंगलेला हात लपवायचा असतो, हे त्या बोटांना कोण सांगणार?

सव्वापाचला तिने डोके धुतले. तांब्यामागून तांब्या ओतला. मग एकाएकी पाणी थांबले आणि शालन म्हणाली, "अगं बया."

सारजाबाई वाकून बघत असाव्यात, कारण त्यांचा आवाज अगदी वरून आला. "केस राहिले बाजूला शालन, हातच तरणे झाले की तुझे!"

"आत्या, हसू नका. आज हात दाखवायचेत. नखंबी काळी झाली, बोटंबी. बघा तर, सगळी पेरं काळी."

मग सुरू झाली धावपळ. साबण झाला. लिंबू झाले. लिंबावर मीठ झाले. भांड्यांची तारेची घासणी झाली. साडेपाच वाजले, पावणेसहा वाजले. सहाला तिची रिक्षा असते. शालनच्या आवाजात मी कधी न ऐकलेले काहीतरी होते. नऊ वर्षे तिने खुर्चीची वाट पाहिली होती, आणि आता खुर्ची आणि तिच्यामध्ये दहा काळी बोटे होती.

"वजरी कुटं हाय? आत्या, ती जुनी वजरी?"

काय सांगू तुम्हाला! साबणाची डबी पडली आणि एका हाताने मला उचलले. मी किती वर्षांनी माणसाच्या घाईत सामील झाले होते. पण मला पायाशी नेण्याऐवजी तिने माझ्यावर आपला अंगठा ठेवला.

हाताचे काम मला जन्मात कोणी दिले नव्हते. मी गोंधळले. डाग काढायचा होता, पण डाग होता कुठे? चिखल असता तर लागला असता. तेल, डांबर, चुना, सगळे मला लागते, प्रत्येकाला जाडी असते. इथे काहीच नव्हते. कातडीवर कातडीच होती. मी शोधत राहिले. आणि मग मला तिच्या अंगठ्यावर काहीतरी लागले. बारीक बारीक रेघा. एकीशेजारी एक, गोल वळून मध्ये जाणाऱ्या, उसाच्या सऱ्यांसारख्या. टाचेच्या भेगांहून कितीतरी नाजूक, पण खडबडीत खऱ्याच. मला वाटले, सापडला. हाच तो डाग.

मी मन लावून काम केले. खोटे का बोलू? म्हातारपणी मला इतका जोर आला नव्हता. उजव्या हाताने तिने डावा अंगठा घासला, मग डाव्या हाताने उजवा. मग एकेक बोट. रेघा सपाट होत गेल्या. शेवटी दोन्ही अंगठे गोट्यासारखे गुळगुळीत झाले, तेव्हा मी मनात म्हटले, झाले. आता तुझे हात दुधासारखे.

"जरा कमी झालंय," शालन म्हणाली. "पण नखाच्या कडेला तसंच हाय. आग होतीय नुसती."

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. तिने मला ओलीच डब्याच्या पिशवीत, चेन तुटलेल्या कप्प्यात टाकले. कंपनीच्या नळावर राहिलेली नखे घासायची होती.

अशी मी पहिल्यांदा कामाला गेले.

कंपनीच्या दारात एक यंत्र आहे. सगळे येतात, त्याच्यावर अंगठा ठेवतात, आणि ते बायकी आवाजात म्हणते, "थँक्यू." मी पिशवीतून ऐकत होते. थँक्यू. थँक्यू. थँक्यू. मग शालनचा नंबर आला.

"प्लीज ट्राय अगेन."

"येडूमामा, काय म्हणतंय हे?"

येडूमामा म्हणजे वॉचमन. "परत लाव म्हणतंय. अंगठा पुसून लाव."

"प्लीज ट्राय अगेन."

"दुसरा लाव."

"प्लीज ट्राय अगेन."

"कपाळाला घास जरा. तेल लागू दे. कोरडा असला की रुसतंय ते."

शालनने कपाळाला घासला, केसांना घासला. यंत्र तेच म्हणाले. मागे रांग वाढली. कोणीतरी म्हणाले, "वहिनी, बाजूला व्हा की, आमचा खाडा पडंल."

"मामा, नऊ वरसं लावतीय मी हितं. मी मीच हाय की!"

"मला माहीत हाय तू शालन हायस. त्याला नाव न्हाय कळत, तोंड न्हाय कळत. त्याला फकस्त अंगठ्यावरच्या रेघा कळतेत."

रेघा.

मित्रांनो, मी पिशवीत होते, पण कोणीतरी मला उचलून दगडावर टाकल्यासारखे झाले. त्या बारीक, गोल वळणाऱ्या रेघा. डाग म्हणून ज्या मी सपाट केल्या, त्या ती स्वतः होती. आणि जो डाग होता, त्याला मी हातही लावू शकले नव्हते.

भीमाशंकर आले. "शालनबाई, पहिल्याच दिवशी? बघू हात." त्यांनी तिची बोटे उलटसुलट करून पाहिली असावीत. "हे काय करून आलात?"

"केसाला कलर लावला साहेब. हाताला लागला. लई घासलं, पण नखाचा जाईना. टावेलाला लागंल म्हणून…"

भीमाशंकरांनी कोणाकडून तरी कापडाचा तुकडा मागवला, पाण्यात बुडवला आणि तिच्या नखांवर चोळला. "बघा. काही येतंय? डाईंगमध्ये चौदा वर्षं काढलीत मी. रंग एकदा आत बसला की बसला. तो दुसऱ्या कापडाला जात नाही. काळ्या बोटांनी आला असता तरी मी बसवलं असतं तुम्हाला."

भीमाशंकरांनी ते कापड झटकल्याचा आवाज आला.

"आता अंगठा दाबा याच्यावर." तिने दाबला असावा. "हे बघा. हे मात्र लागतंय. कातडी सोललीय. पाणी आणि रक्त. पांढऱ्या टॉवेलवर असा एक ठिपका पडला तर अख्खा गठ्ठा परत येतो."

डाग लागत नव्हता, आणि डाग काढलेली जागा लागत होती. हे वाक्य मी तेव्हापासून उलटसुलट करून पाहते आहे.

"मग माजी खुर्ची?" शालनने विचारले. आवाज एवढासा.

"आठ दिवस रजिस्टरला सही करा, त्याच्यापुढं मला वरून विचारतील. तोवर घडीलाच उभं राहा, रंगीत मालावर. पाहुणे पुढच्या सोमवारी येणार. त्या दिवशी जी टेबलावर असेल तिचं नाव यादीत कायम. अंगठा मशिनला लागला की हात बरे झाले असं मी समजतो. सोमवारी सकाळी लागला तर खुर्ची तुमची. नाही लागला तर सिद्धेश्वरीची. आजपासून तिला बसवतोय."

सिद्धेश्वरी शालनच्या शेजारी घडी घालणारी. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन जवळ बसली. मी पिशवीत, दोघींच्या मध्ये.

"अक्का, रागावू नका. मी मागून न्हाई घेतली खुर्ची."

"तुझ्यावर कशाला रागावू?"

"पण खरं सांगू का? बसलं की उठावंसंच वाटत न्हाई बघा. कंबर म्हणती, सिद्धी, बस."

"व्हय, तर तर. माज्या गुडघ्यांना तेवढं सांगू नको. ऐकतील ती."

दोघी हसल्या. मग शालन हसायची थांबली, पण ती केव्हा थांबली ते सिद्धेश्वरीला कळले नसावे.

त्या संध्याकाळी घरी मला वाटले, आता ही मला बाहेर फेकणार. तिने फेकले नाही. तिला माझी आठवणच राहिली नव्हती. मी त्या तुटक्या चेनच्या कप्प्यात तशीच राहिले आणि रोज कामाला जात राहिले. फेकणे आणि विसरणे यांत बरे कोणते, हेही मला ठरवता आले नाही.

धम्मप्रियाने आईचे हात मांडीवर घेऊन बघितले. "आई, घाबरू नको. रेघा जाणार नाहीत."

"गेल्यात की. मशीन म्हणतंय."

"वरच्या गेल्या. बघ, शेतात सरी असते ना? वरची माती पावसानं सपाट झाली म्हणून सरी गेली का? कातडीच्या खालच्या थरात त्याच रेघा आहेत, जन्माच्या आधीपासूनच्या. नवी कातडी खालून येईल ती त्यांच्यावरच बसून येईल. तशीच, त्याच वळणाची. फक्त तू मध्ये काही करू नको. साबण नको, घासणी नको, तवा नको."

"आणि डाग?"

"तो वरच्या मेलेल्या कातडीत बसलाय. ती कातडी अशीही रोज थोडी थोडी पडते. तिच्याबरोबर गेला असता आठ-दहा दिवसांत. नखावरचा नख वाढेल तसा जाईल."

"म्हंजे नुसतं बसले असते तरी गेला असता?"

"नुसतं बसली असतीस तरी."

शालनने आपले हात काढून घेतले. मग म्हणाली, "तुमचं कॉलेज पहाटे साडेपाचला का भरत न्हाय गं?"

आठवडाभर भाकरी कोण थापणार, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. दुसऱ्या दिवशी परातीचा आवाज आला तो सारजाबाईंच्या हातांचा. मी तो ओळखते. थाप हळू पडते आणि मध्ये दम घ्यायला थांबते.

"आत्या, तुमी नका. पोळंल."

"माझ्या हाताचं काय राहिलंय आता? चाळीस वरसं विडी वळली. अंगठ्यावरच्या रेघा विडीनं नेल्या. रेशनच्या मशिनीत मी कवाच मेलीय, तुझ्या अंगठ्यावर माझे गहू येतेत. तुझा अंगठा गेला तर ह्या घरात माणूसच न्हाय राह्यलं म्हणायचं! तू बस. हात मांडीवर ठेवून बस. नव्या नवरीसारखी."

"नव्या नवरीला तरी कुटं बसू दिलं हुतं तुमी?"

"म्हणून तर आता बसवतीय. वाढू का म्हणू नको, मीच वाढते."

मित्रांनो, सारजाबाईंच्या टाचा मी पंचवीस वर्षे घासल्या. मला धरणाऱ्या त्यांच्या अंगठ्याकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते. तो गुळगुळीत आहे हे मला त्या दिवशी कळले.

मंगळवारी यंत्र म्हणाले, प्लीज ट्राय अगेन. बुधवारीही. रजिस्टरवर सही करून शालन आत जायची. गुरुवारी तर तिने अंगठा उचलला तरी ते यंत्र आपले म्हणतच होते. "भांडतंय माज्याशी," ती येडूमामांना म्हणाली.

"ते कुणाशी भांडत न्हाय. त्याला तू दिसत न्हाईस, इतकंच."

"लई झालं की, इतकंच म्हंजे."

शुक्रवारी तिचा हात पिशवीत काहीतरी शोधताना चुकून माझ्यावर आला. अंगठ्याचे टोक माझ्या अंगाला टेकले, जेमतेम एक श्वासभर. मला तिथे काहीतरी लागले. रेघ म्हणावी इतके नाही, पण गोटाही नव्हता. मी स्वतःला म्हटले, तुझा काय भरवसा? तू रेघेला डाग समजणारी. म्हणून मी आशा धरली नाही. निदान तसे ठरवले.

शनिवारी नाही. रविवारी सुट्टी होती. शालनने तो दिवस खरोखर हात मांडीवर ठेवून काढला. मोबाइलसुद्धा करंगळीने लावला.

सोमवारी आम्ही वीस मिनिटे आधी पोहोचलो. सिद्धेश्वरी आधीच आली होती. भीमाशंकर यंत्रापाशी उभे होते, पाहुण्यांच्या गडबडीत, सारखे कोणाला तरी झाडून घ्या म्हणत होते.

शालनने डावा अंगठा ठेवला.

"प्लीज ट्राय अगेन."

पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. मला ओरडून सांगावेसे वाटले, अगं, उजवा लाव! डावा तू उजव्या हाताने घासलास, त्याच्यावर जोर जास्त होता. उजव्यावर डावा हात होता, तो दमलेला होता, मला माहीत आहे, मी दोन्हीच्या मध्ये होते! पण मातीच्या वस्तूला ऐकू येते, बोलता येत नाही.

"उजवा बघू," येडूमामा म्हणाले.

शालनने उजवा अंगठा पदराला पुसला. ठेवला. यंत्र जरा थांबले. इतर वेळी ते थांबत नाही.

"थँक्यू."

"काय म्हणालं?" शालनने विचारले.

"थँक्यू म्हणालं की गं!"

"परत लावू का? चुकून म्हणालं असंल."

"आता लावू नकोस बाई, हजेरी दोनदा पडंल," येडूमामा म्हणाले. भीमाशंकर हसून म्हणाले, "एक लागला ना? बास. चला, टेबलाला."

सिद्धेश्वरी म्हणाली, "खुर्ची जरा डुगडुगती बघा अक्का. उजव्या पायाखाली मी पुठ्ठा घातलाय. काढू नका." एवढे बोलून ती घडीच्या बाजूला गेली. तिची पावले रोजच्यापेक्षा सावकाश पडत होती. तिलाही कंबर आहे.

पिशवी खुंटीला टांगताना मी भीमाशंकरांचा आवाज ऐकला. "सगळ्यांनी टोप्या घ्या. पाहुण्यांचा नवा नियम आहे, आजपासून. केस पूर्ण आत. एकसुद्धा केस बाहेर दिसता कामा नये."

टोप्या वाटल्या गेल्या. मग शालन हसायला लागली. टेबलाच्या बायकांना कळेना काय झाले. तिला थांबता येईना. टोपीच्या आत, कोणालाही न दिसता, तिचे काळेभोर केस होते.

त्या संध्याकाळी शालनने पिशवी धुवायला रिकामी केली आणि मी तिच्या हाताला लागले. "अगं, ही हितंच?" ती म्हणाली. मी अंग चोरून घेतले. तिने मला उलटसुलट केले. मग मोरीत पाटावर बसून, पाय पुढे घेऊन, तिने मला टाचेवर टेकवले. आठ दिवसांत नीट पाणी न लागलेली टाच. ओळखीच्या भेगा. मी घासायला लागले, पण हळू. प्रत्येक भेगेपाशी थांबून मी विचारत होते, तू नक्की भेगच ना?

धम्मप्रिया आईच्या डोक्यामागे उभी होती. "आई, भांगात मुळाशी पांढरे यायला लागले. परत लावायचा का कलर?"

मला वाटले, आता शालन नको म्हणणार.

"लावू की," शालन म्हणाली. "तू ते मोजे कुटं ठेवलेस?"

मित्रांनो, माझी हकीकत संपली. तुम्ही विचाराल, यातून तू काय शिकलीस? मला नीट सांगता येत नाही. डाग म्हणजे काय, ते मला अजून समजलेले नाही. ज्याला जाडी नसते, जो कुणाला लागत नाही आणि वाट पाहिली तर आपोआप जातो, त्याच्यासाठी माणसे एवढी का घाबरतात, हेही नाही. रेघा मात्र आता मी ओळखते. माझ्या रेघा फणीने वरून ओढलेल्या होत्या. झिजल्या, त्या झिजल्या, खालून दुसऱ्या येणार नाहीत. तुमच्या खालून येतात, हे तुमचे नशीब. पण त्यांनाही वेळ लागतो, आणि तेवढे दिवस तुमच्या वाटणीची भाकरी कोणालातरी थापावी लागते.

म्हणून एक विनंती करते. घाईच्या सकाळी मला हाताशी धरू नका. मला टाचेपाशीच असू द्या. आणि तुमच्या घरी एखादी आजी असेल, तर तिच्या अंगठ्यावरून एकदा हळूच बोट फिरवून बघा. तिथे रेघा लागल्या नाहीत, तर त्या कुठे गेल्या, ते तिला विचारा.